कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन : बँकेच्या टेबलापासून कॅमेऱ्यापर्यंत



कोडॅक हे नाव आपल्या पिढीला समजावून सांगावे लागत नाही. पिवळ्या खोक्यातला रोल, तो संपेपर्यंत गेलेले महिने, मग रोल धुवायला टाकून चार दिवस बघितलेली वाट, आणि फोटो आल्यावर त्यातले सहा हललेले निघाले म्हणून घरात झालेली वादावादी, हे सगळे आपण अनुभवले आहे. पण हे नाव ज्याने तयार केले तो माणूस बँकेत कारकून होता, हे मला निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले. तेव्हापासून त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. बँकवाल्याला बँकवाल्याची गोष्ट सांगताना थोडा जास्तच उत्साह येतो, तो वाचकांनी चालवून घ्यावा.

जॉर्ज ईस्टमन यांचा जन्म १२ जुलै १८५४ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, वॉटरव्हिल या छोट्या गावी झाला. वडिलांचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन ईस्टमन, आईचे मारिया किलबर्न. वडिलांनी रोचेस्टर शहरात एक कमर्शियल कॉलेज काढले होते. तिथे हिशेबलेखन आणि सुवाच्य अक्षर शिकवले जाई. म्हणजे आम्हा बी.कॉम.वाल्यांचे पूर्वजच म्हणायचे. जॉर्ज सात वर्षांचा असताना, १८६२ मध्ये वडील वारले आणि कॉलेज बंद पडले. आईने घरात पेइंग गेस्ट ठेवून संसार चालवला. दोन मोठ्या बहिणी होत्या. त्यातली केटी पोलिओने अधू झालेली, चाकांच्या खुर्चीवर असे. ती १८७० मध्ये गेली.

शाळा चौदाव्या वर्षाच्या आतच सुटली. एका विमा कंपनीत ऑफिसबॉयची नोकरी लागली, आठवड्याला ३ डॉलर. मुलगा पहिल्यापासून हिशेबी होता. आलेला आणि गेलेला प्रत्येक पैसा तो एका वहीत लिहून ठेवी. संध्याकाळी घरी हिशेबाचा अभ्यास करी. १८७४ मध्ये तो रोचेस्टर सेव्हिंग्ज बँकेत ज्युनियर क्लार्क झाला आणि पगार एकदम आठवड्याला १५ डॉलरवर गेला. आईला आता पैशाची ओढ राहणार नव्हती. इथेच गोष्ट संपली असती तरी आपल्याकडच्या कुठल्याही घरात मुलगा मार्गी लागला असेच म्हटले असते.

१८७७ मध्ये ईस्टमन यांनी रजा काढून कॅरिबियन समुद्रातल्या सांतो दोमिंगोला जाण्याचा बेत केला. तिथे जमीन घ्यावी असे काहीसे मनात होते. बँकेतल्या एका सहकाऱ्याने सुचवले की जातोच आहेस तर कॅमेरा घेऊन जा, सगळे टिपून आण. त्यांनी ९४ डॉलर खर्चून कॅमेऱ्याचा संपूर्ण संच घेतला. बँकेत लागले तेव्हाच्या पगाराचा हिशेब केला तर सहा आठवड्यांची कमाई. शिवाय तो चालवायचा कसा हे शिकायला एका फोटोग्राफरला ५ डॉलर दिले. सांतो दोमिंगोचा प्रवास पुढे झालाच नाही, पण कॅमेरा घरात आला तो आला.

हा संच म्हणजे काय होता ते समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. काळ्या पेटीला बारीक भोक पाडले की समोरचे दृश्य आत उलटे उमटते, हे लोकांना शतकानुशतके माहीत होते. चित्रकार अशा पेटीचा उपयोग रेखाटनासाठी करीत. अडचण पेटीची नव्हती, त्या प्रतिमेला धरून ठेवण्याची होती. फ्रान्समध्ये नीएप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास खिडकीतून दिसणारे दृश्य धातूच्या पत्र्यावर कायम केले, पण त्याला उजेड तासन्‌तास द्यावा लागला. त्यांचे भागीदार दागेर यांची पद्धत १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर अतिशय सुंदर चित्र येई, पण एकच. दुसरी प्रत हवी तर पुन्हा बसा. इंग्लंडमध्ये टॅलबट यांनी कागदावर निगेटिव्ह काढून त्यावरून हव्या तेवढ्या प्रती करण्याची वाट दाखवली. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज माणसाने काचेच्या ओल्या प्लेटची पद्धत आणली, आणि ईस्टमन यांच्या तरुणपणापर्यंत सगळा व्यवहार तिच्यावरच चालला होता.

ओल्या प्लेटचे काम असे असे. काच स्वच्छ करायची. तिच्यावर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण एकसारखे ओतून पसरायचे. मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत पुन्हा अंधारात नेऊन डेव्हलप करायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. प्लेट वाळली की काम संपले. त्यामुळे बाहेर फोटो काढायला जाणारा माणूस कॅमेरा आणि जड स्टँड यांच्याबरोबर काळा तंबू, काचा, बाटल्या, टाक्या आणि पाण्याचे भांडे घेऊन निघे. ओझ्याचा घोडा म्हणावा तसा तो दिसे. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडत ती वेगळीच.

इथे आपल्या इंदूरची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. ईस्टमन बँकेत लागले त्याच १८७४ साली इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करणारे लाला दीनदयाळ यांनी हातात कॅमेरा घेतला. पुढे नोकरी सोडून ते हैदराबादला निजामाचे छायाचित्रकार झाले आणि राजा दीनदयाळ म्हणून प्रसिद्ध पावले. जगाच्या दोन टोकांना दोन नोकरदार माणसे एकाच दशकात या नादाला लागली. दीनदयाळ या अवघड कलेत पारंगत झाले. ईस्टमन यांच्या डोक्यात मात्र वेगळाच विचार सुरू झाला. हे इतके अवघड का असावे, असा तो विचार होता.

ब्रिटनमध्ये जिलेटिनच्या कोरड्या प्लेटवर प्रयोग चालले होते. मॅडॉक्स नावाच्या डॉक्टरांनी १८७१ मध्ये त्याची सुरुवात केली होती आणि १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी जास्त जलद प्लेटची कृती प्रसिद्ध केली. ती एका ब्रिटिश मासिकात ईस्टमन यांनी वाचली. कोरडी प्लेट आधी करून ठेवता येते आणि फोटो काढल्यावर सवडीने धुता येते. मग तंबू, टाक्या, पाणी, काहीच नको. दिवसभर बँक आणि रात्री आईचे स्वयंपाकघर असे सुरू झाले. चुलीवर जिलेटिन आणि सिल्व्हर ब्रोमाइडचे मिश्रण शिजवायचे, काचांवर लावून पाहायचे. कित्येकदा ते कपडे न बदलता चुलीशेजारीच घोंगडीवर झोपून जात. मारियाबाई सकाळी स्वयंपाकाला येत तेव्हा मुलगा जमिनीवर झोपलेला असे. त्या माउलीने स्वयंपाकघर सोडून दिले हे माझ्या मते कोडॅकचे पहिले भांडवल.

शिजवण्याची कृती जमली तशी त्यांनी काचांवर एकसारखा थर देणारे यंत्र तयार केले. हातातले पैसे खर्चून ते १८७९ मध्ये लंडनला गेले, कारण फोटोग्राफीचा बाजार तेव्हा तिथे होता. तिथे पहिले पेटंट मिळाले, अमेरिकेतले पुढच्या वर्षी. १८८० मध्ये रोचेस्टरच्या स्टेट स्ट्रीटवर तिसऱ्या मजल्याची जागा भाड्याने घेऊन प्लेटा विकायला सुरुवात झाली. नोकरी सोडली नव्हती. हेन्री स्ट्राँग म्हणून एक गृहस्थ आईच्या घरी पेइंग गेस्ट राहिलेले होते. त्यांचा घोडागाडीचे चाबूक बनवण्याचा कारखाना होता. त्यांनी पैसे घातले आणि १ जानेवारी १८८१ रोजी ईस्टमन ड्राय प्लेट कंपनी उभी राहिली. स्ट्राँग अध्यक्ष आणि ईस्टमन ट्रेझरर. कंपनी जगभर पसरल्यावरही कितीतरी वर्षे ईस्टमन यांचे पद कागदोपत्री ट्रेझररचेच राहिले, हे मला फार आवडते.

त्याच वर्षी बँकेत त्यांच्या वरच्या माणसाची जागा रिकामी झाली. काम ईस्टमनच पाहत होते, जागा त्यांना मिळायला हवी होती. ती एका डायरेक्टरच्या नातेवाइकाला दिली गेली. ज्यांनी नोकरीत प्रमोशनच्या याद्या पाहिल्या आहेत त्यांना याहून जास्त सांगायला नको. ईस्टमन यांनी सप्टेंबर १८८१ मध्ये राजीनामा दिला. तो नातेवाईक पुढे काय झाला, कुणाला ठाऊक नाही. त्या बँकेने मात्र जगातला एक मोठा उद्योगपती एका प्रमोशनवरून गमावला.

आणि लगेच संकट आले. १८८२ मध्ये दुकानदारांकडून तक्रारी येऊ लागल्या की प्लेटांवर फोटोच उमटत नाहीत. ठेवून ठेवून जुन्या झालेल्या प्लेटांची ताकद कमी होते हा एक भाग होता, पण नव्या प्लेटाही बिघडू लागल्या. ईस्टमन यांनी विकलेला खराब माल परत घेतला, बदलून दिला आणि कारखाना बंद ठेवला. कंपनी दीड वर्षाची, गंगाजळी तोकडी. कृती तीच, यंत्र तेच, माणसे तीच, मग चुकते कुठे? त्यांनी शेकडो वेळा मिश्रण शिजवून पाहिले, उत्तर मिळेना. शेवटी स्ट्राँग यांच्यासह ते इंग्लंडला न्यूकॅसलच्या मॉसन आणि स्वान कंपनीत जाऊन शिकून आले. परत आल्यावर उलगडा झाला की दोष जिलेटिनमध्ये होता. पुरवठादाराकडून आलेले जिलेटिनच बदलले होते. तेव्हापासून येणारा कच्चा माल तपासल्याशिवाय वापरायचा नाही, असा त्यांचा दंडक झाला.

जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. एका जिलेटिनने फोटो चांगला येतो आणि दुसऱ्याने येत नाही, याचे कारण कळायला चाळीस वर्षे लागली. १९२० च्या दशकात कोडॅकच्याच प्रयोगशाळेत सॅम्युएल शेपर्ड यांनी ते शोधले. गुरे मोहरीसारख्या झाडांचा पाला खातात, त्यातली गंधकाची संयुगे अत्यंत सूक्ष्म प्रमाणात जिलेटिनमध्ये उतरतात आणि त्यांच्यामुळे प्लेटची उजेड टिपण्याची शक्ती वाढते. म्हणजे कुठल्या तरी गाईने मोहरी खाल्ली म्हणून कुणाचा तरी फोटो चांगला आला! अकाउंटच्या माणसाला असल्या तपशिलात फार रस. दोन पैशांचा फरक शोधायला आपण रात्र रात्र बसतो, तसलाच हा प्रकार.

काच जड, काच फुटते. ईस्टमन यांना ती नको होती. विल्यम वॉकर या कॅमेरा बनवणाऱ्या जाणकाराला बरोबर घेऊन त्यांनी १८८५ पर्यंत रोल होल्डर तयार केला. कुठल्याही कॅमेऱ्याच्या मागे तो लावायचा, आत कागदाची गुंडाळी, एक फोटो झाला की चावी फिरवून पुढे. कल्पना उत्तम होती, पण धंदेवाईक फोटोग्राफरांनी ती उचलली नाही. कागदाचे तंतू फोटोत दिसत, काचेइतका स्वच्छपणा येत नसे, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

ईस्टमन यांच्या आयुष्यातला मोठा निर्णय मला इथे दिसतो. जाणकार घेत नाहीत म्हणून त्यांनी रोल टाकून दिला नाही, गिऱ्हाईक बदलले. ज्यांना फोटोग्राफीतले काहीच येत नाही, ज्यांनी कधी कॅमेरा हातात धरला नाही, ते सगळे लोक हेच आपले गिऱ्हाईक असे त्यांनी ठरवले. अशा लोकांना स्वच्छपणाची इतकी पर्वा नव्हती. त्यांना आपली मुले, आपले घर, आपली सहल हवी होती.

१८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा बाजारात आला. किंमत २५ डॉलर. हातात मावणारी लाकडी पेटी, वरून चामडे. आत १०० फोटोंचा रोल घालूनच विकत असत. वापरणाऱ्याने तीनच गोष्टी करायच्या. दोरी ओढून शटर तयार करायचे, बटण दाबायचे, चावी फिरवायची. बघायला खिडकी नव्हती. पेटीच्या वरच्या बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारख्या रेघा होत्या, त्यांच्या अंदाजाने नेम धरायचा. फोटो गोल यायचे, अडीच इंचांहून थोडे मोठे. १०० फोटो संपले की पूर्ण कॅमेराच पोस्टाने रोचेस्टरला पाठवायचा. कारखाना फोटो धुऊन, छापून, नवा रोल घालून कॅमेरा परत पाठवी. या सगळ्याचे १० डॉलर, म्हणजे एका फोटोला १० सेंट. कॅमेऱ्याची किंमत मात्र त्यांच्या बँकेतल्या सुरुवातीच्या पगाराने पावणेदोन आठवड्यांच्या आसपास पडे, त्यामुळे तो अजून गरिबाचा नव्हता.

कॅमेरा कारखान्यात पाठवण्याची सोय गिऱ्हाइकाच्या कौतुकापोटी केली होती असे नाही. त्या रोलमध्ये कागदावरचा फोटोचा पातळ थर धुतल्यावर सोडवून पारदर्शक पापुद्र्यावर चढवावा लागे. ते इतके नाजूक काम होते की घरी जमणे शक्यच नव्हते. पण त्या अडचणीतूनच धंद्याची नवी रीत निघाली. फोटो काढणे एकाचे काम आणि धुणे दुसऱ्याचे. आपण गल्लीच्या कोपऱ्यावरच्या स्टुडिओत रोल टाकून यायचो, त्या व्यवहाराचे मूळ हेच. जाहिरातीत त्यांनी हेच एका छोट्या वाक्यात सांगितले होते : तुम्ही फक्त बटण दाबायचे, पुढचे सगळे आमच्याकडे.

कोडॅक या शब्दाला काही अर्थ नाही. छोटा, कुठल्याही भाषेत सहज उच्चारता येईल असा आणि आधीच्या कशाशीही संबंध नसलेला शब्द त्यांना हवा होता. के हे अक्षर त्यांना आवडे. आईच्या माहेरचे आडनाव किलबर्न त्याच अक्षराने सुरू होते. आईबरोबर बसून अक्षरे जुळवत हा शब्द तयार केला असे सांगतात.

बटण दाबायला कुणालाही येऊ लागले तसे नवे प्रश्नही आले. तोवर फोटो काढायचा म्हणजे ठरवून, नवे कपडे घालून, हलू नका म्हणून बजावून घेऊन बसायचे. आता रस्त्यावर, समुद्रकिनाऱ्यावर कुणीही न विचारता फोटो काढू लागला. १८९० मध्ये बोस्टनच्या सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला, तो कायद्याच्या जगात पुढे फार गाजला. झटपट निघणारे फोटो आणि वर्तमानपत्रे यांच्यापासून माणसाला संरक्षण हवे, हे त्या लेखामागचे एक कारण होते. आज आपल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जी भांडणे होतात, त्यांचे बीज सव्वाशे वर्षांहून जुने आहे.

१८८९ मध्ये कागद पूर्णपणे गेला. कंपनीतले तरुण रसायनशास्त्रज्ञ हेन्री रायकेनबाख यांनी नायट्रोसेल्युलोजची पारदर्शक, लवचिक फिल्म तयार केली. लांबच लांब काचेच्या टेबलांवर द्रावण पसरून ती वाळवत. थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत हलती चित्रे टिपण्याचे प्रयोग चालू होते, त्यांना अशीच पट्टी हवी होती. एडिसन यांचे सहकारी डिक्सन यांनी ईस्टमन यांची ७० मिलिमीटरची फिल्म उभी चिरून तिच्या दोन पट्ट्या केल्या. ही ३५ मिलिमीटरची पट्टी पुढे जगभरच्या सिनेमाचे माप झाली. वडोदऱ्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र काढला, तोही याच मापावर.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती ईस्टमन यांचे कौतुक करणारे बरेच लेखक दोन ओळींत उरकतात. मला ती तशी उरकता येत नाही. न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये हॅनिबल गुडविन नावाचे धर्मोपदेशक होते. मुलांना बायबलमधल्या गोष्टी पडद्यावर चित्रे टाकून दाखवाव्यात अशी त्यांना हौस. काचेच्या पट्ट्या फुटत, म्हणून त्यांनी घरच्या घरी प्रयोग करून पारदर्शक फिल्म शोधली आणि २ मे १८८७ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. म्हणजे रायकेनबाख यांच्या दोन वर्षे आधी. पण अर्जाची भाषा सैल होती, रसायनांचा तपशील पुरेसा नव्हता. तो पुन्हा पुन्हा दुरुस्तीला परत येत राहिला. कंपनीचा अर्ज नेमका आणि व्यवस्थित होता, तो १८८९ संपायच्या आत मंजूर झाला. गुडविन यांना पेटंट मिळाले ते सप्टेंबर १८९८ मध्ये. तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. त्यांनी छोटा कारखाना काढायला घेतला, पण एका अपघातात जखमी होऊन १९०० सालच्या शेवटच्या दिवशी ते वारले.

त्यांचे हक्क ईस्टमन यांच्या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेले, तिने १९०२ मध्ये दावा लावला. तो अकरा-बारा वर्षे चालला. १९१३ मध्ये निकाल गुडविन यांच्या बाजूने लागला, १९१४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला, आणि कोडॅकला तडजोडीत ५० लाख डॉलर द्यावे लागले. ईस्टमन यांनी चोरी केली असे मी म्हणणार नाही. रायकेनबाख यांचे काम त्यांचे स्वतःचे होते. पण एक म्हातारा माणूस आधी अर्ज देऊन बसला आहे हे कळल्यावर त्याच्याशी बसून बोलणे कंपनीला परवडणारे होते. स्वयंपाकघरात एकट्याने रात्री जागवलेला माणूस दुसऱ्या तशाच माणसाला ओळखू शकला नाही, हे मला खटकते. नातेवाइकाला जागा दिली म्हणून बँक सोडणाऱ्याकडून मी थोडी जास्त अपेक्षा ठेवतो.

धंद्यात ते कठोर होतेच. रायकेनबाख आणि दोन सहकारी दुसरी कंपनी काढण्याच्या तयारीत आहेत असे कळताच १ जानेवारी १८९२ रोजी त्यांना काढून टाकले. त्याच वर्षी कंपनीचे नाव ईस्टमन कोडॅक झाले. प्रतिस्पर्धी विकत घ्यायचे, पेटंटे विकत घ्यायची, दुकानदारांवर अटी घालायच्या हे चालू राहिले. १९१५ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदा ठरवली.

पण याच कठोर माणसाने १९०० मध्ये ब्राउनी कॅमेरा काढला. किंमत १ डॉलर, सहा फोटोंचा रोल १५ सेंटला. कॅमेऱ्याचे यंत्रकाम पाहणारे फ्रँक ब्राउनेल यांनी पुठ्ठ्याच्या साध्या पेटीत सगळे बसवले होते. तो मुलांसाठी म्हणून काढला होता, आणि ब्राउनी हे नाव पामर कॉक्स या चित्रकाराच्या तेव्हा मुलांत लोकप्रिय असलेल्या बुटक्यांचे. पहिल्याच वर्षात लाखाच्या वर कॅमेरे गेले. अर्थातच मुलांपेक्षा मोठ्यांनीच जास्त वापरले. बारा वर्षांत २५ डॉलरची गोष्ट १ डॉलरवर आली. नफा कॅमेऱ्यावर नव्हता, रोलवर होता. कॅमेरा एकदाच विकला जातो, रोल आयुष्यभर. आपल्याकडच्या घरांत साठ-सत्तरच्या दशकात जो आगफा क्लिक असे, बारा फोटोंचा, तोही याच साध्या पेटीच्या वंशातला. ज्या घरांत आजोबांचा एकच स्टुडिओतला फोटो भिंतीवर होता, त्या घरांत पुढच्या पिढीच्या बारशापासूनचे अल्बम झाले, ते अशा पेट्यांमुळे.

पैसा अफाट आला आणि त्यांनी तो वाटायलाही सुरुवात केली. १८९९ मध्ये त्यांनी स्वतःच्या खिशातून कामगारांना बोनस दिला. १९१२ पासून कंपनीने नफ्यातला भाग नियमाने कामगारांना देणे सुरू केले, आणि १९१९ मध्ये त्यांनी आपल्या शेअरपैकी एक तृतीयांश कर्मचाऱ्यांना दिले. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेला त्यांनी मिस्टर स्मिथ या नावाने देणग्या दिल्या. कोण हा स्मिथ, यावर कित्येक वर्षे तर्क चालले. १९२० मध्ये नाव उघड झाले. एकूण आकडा दोन कोटी डॉलरच्या घरात होता. रोचेस्टरला संगीत महाविद्यालय, गरीब मुलांसाठी दातांचे दवाखाने, तसेच दवाखाने लंडन, पॅरिस, रोम, ब्रसेल्स आणि स्टॉकहोमला. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी असलेल्या हॅम्प्टन आणि टस्कगी या संस्थांनाही मोठ्या रकमा दिल्या. १९२४ मध्ये एकाच दिवशी त्यांनी ३ कोटी डॉलरच्या देणग्यांवर सह्या केल्या. सगळे मिळून दान १० कोटींच्या आसपास गेले.

त्यांनी लग्न केले नाही. आई १९०७ मध्ये जाईपर्यंत त्यांच्याजवळच होती. रोचेस्टरच्या ईस्ट अॅव्हेन्यूवर त्यांनी मोठे घर बांधले होते. सकाळी नाश्त्याला बसले की पगारी वादक ऑर्गन वाजवी. बसण्याच्या दालनाची लांबी-रुंदी जुळत नाही म्हणून १९१९ मध्ये त्यांनी घर मधोमध कापून मागचा भाग सुमारे सव्वानऊ फूट सरकवून घेतला. वर्षाचे बारा महिने सारख्या दिवसांचे नसतात, त्यामुळे महिन्याच्या हिशेबांची तुलना नीट होत नाही, हे त्यांना फार सले. म्हणून १९२८ पासून कोडॅकमध्ये २८ दिवसांचे १३ महिने असलेले कॅलेंडर सुरू झाले आणि ते १९८९ पर्यंत चालू होते! मंथ-एंडला फेब्रुवारीचे आकडे समजावून देताना ज्यांनी डोके धरले आहे, त्यांना यातली गंमत कळेल.

शेवटची वर्षे त्रासाची गेली. पाठीच्या कण्याच्या आजाराने उभे राहणे आणि चालणे अवघड झाले, वेदना सतत होत्या. आईही अखेरच्या काळात चाकांच्या खुर्चीवर होती, बहीण केटी तर बालपणापासूनच. आपलेही तसेच होणार हे त्यांना दिसत होते. १४ मार्च १९३२ रोजी त्यांनी मित्रांना घरी बोलावले, त्यांच्यासमोर मृत्युपत्रातल्या बदलावर सह्या केल्या आणि ते बाहेर गेल्यावर स्वतःचे आयुष्य संपवले. वय ७७ होते. टेबलावर मित्रांसाठी एक अगदी छोटी चिठ्ठी ठेवलेली होती.

त्यांच्या अस्थी रोचेस्टरला कोडॅक पार्क कारखान्याच्या आवारात ठेवल्या आहेत. घर त्यांनी विद्यापीठाला दिले होते. १९४९ मध्ये तिथे फोटोग्राफीचे संग्रहालय सुरू झाले, आणि १८८८ च्या कोडॅकवर काढलेले ते गोल फोटो आजही तिथे जपून ठेवलेले आहेत.